रोज टीव्हीवर दिसणाऱ्या नटाला पैसे नेमके कसे आणि कधी मिळतात?

२०२५ मध्ये दीपिका पदुकोणच्या आठ तासांच्या शिफ्टच्या मागणीवरून वाद पेटला होता तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण दोन दिवस तेच चाललं होतं, कोण म्हणे एवढे कोटी घेतात तर जास्त वेळ थांबायला काय होतं, कोण म्हणे लहान मूल आहे तिला, कसं करणार. मी गप्प वाचत होते. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मलाच विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे किती असतात, आठ की बारा?" कारण माझा नवरा नट आहे. हिरो नव्हे. हिरोइनचे काका, इन्स्पेक्टर, हेडमास्तर, वकील, गावचा सावकार, अशी कामं तो अठरा वर्षं करतोय, दहिसरला राहून. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, नाव पटकन कोणाला आठवत नाही. त्याचे हिशेब मी बघते, म्हणजे बिलं काढणं, पेमेंटसाठी फोन करणं, रिटर्नची कागदपत्रं जमवणं, सगळं. काकांना उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं एकदा सगळंच सविस्तर लिहू, कारण हे प्रश्न लिफ्टमध्ये, लग्नात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे विचारले जातात.

नट तारखा विकतो

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की मालिकेतल्या माणसाला महिन्याचा पगार असतो. पगार नसतो. त्याचा एका दिवसाचा रेट ठरलेला असतो आणि त्या महिन्यात जितके दिवस तो सेटवर गेला तितक्या दिवसांचेच पैसे.

लग्नाचा हॉल डोळ्यासमोर आणा. हॉलवाला काय विकतो, तर तारीख. मुहूर्ताच्या दिवशी हॉल रिकामा राहिला तर तो दिवस गेला, तो पुढच्या आठवड्यात कोणाला विकता येत नाही. नटाचं सेम तसंच आहे. फरक एवढाच की हॉलवाला टोकन घेतल्याशिवाय तारीख अडवून ठेवत नाही, आणि नटाला मात्र "१२, १३, १४ ब्लॉक ठेवा हं" असा मेसेज येतो आणि त्या तीन दिवसांसाठी एक रुपया कोणी देत नाही. बारा तारखेच्या आदल्या रात्री साडेदहाला कळतं की सीन पुढे गेलाय. तोपर्यंत दुसऱ्या कोणालातरी त्याच तारखांना नाही म्हणून झालेलं असतं.

ह्यावर एक उपाय आहे त्याला मिनिमम गॅरंटी म्हणतात, म्हणजे करारातच लिहायचं की महिन्याला अमुक दिवस आम्ही तुला घेऊच, नाही घेतलं तरी तेवढ्या दिवसांचे पैसे देऊ. मालिकेतल्या मुख्य जोडीला हे मिळतं कारण त्यांच्याशिवाय गाडी चालत नाही, आणि बदल्यात त्यांना बाकी कामं सोडावी लागतात. काका, मावशी, इन्स्पेक्टर ह्यांना बहुतेक वेळा मिळत नाही. मागितलं तर मिळतं कधीकधी. आम्हाला मागायची अक्कल यायला सहा-सात वर्षं गेली.

पण तो तर सोमवार ते शनिवार रोज दिसतो

दिसतो, बरोबर. पण टेलिकास्ट वेगळं आणि शूटिंग वेगळं. घरात गणपतीला आपण एकदाच नारळ खवून ठेवतो आणि मग तो मोदकात, भाजीत, आमटीत चार दिवस वापरतो, तसं कोर्टाचा सेट लागला की कोर्टाचे सगळे सीन एकाच दिवशी काढून घेतात. एकाच दिवसात वकिलाचे सात-आठ सीन होतात, ते तुकडे पुढच्या दीड आठवड्यात रोज थोडे थोडे लागतात, आणि घरोघरी लोक म्हणतात की हा वकील रोज असतो, जाम पैसे छापत असेल. त्याला पैसे एका दिवसाचे मिळालेले असतात. एपिसोडवर नाही, दिवसावर.

आता आकड्यांत बघू. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, कोणाचा खरा रेट नाही. समजा एका कॅरेक्टर नटाचा दिवसाचा रेट ५,००० आहे आणि जूनमध्ये त्याचे १२ दिवस झाले. बिल झालं ६०,००० चं. त्यातून १० टक्के टीडीएस प्रोडक्शनच कापतं, गेले ६,०००. काम कोऑर्डिनेटरने आणलेलं असेल (कोऑर्डिनेटर म्हणजे कास्टिंगवाले आणि नट ह्यांच्या मधला माणूस, रेट ठरवणारा, तारखा सांभाळणारा) तर त्याचं कमिशन, समजा १५ टक्के, म्हणजे ९,०००. राहिले ४५,०००. टीडीएस रिटर्न भरल्यावर हिशेबात धरला जातो, जास्त कापला गेला असेल तर परत येतो, पण तोपर्यंत पुढचं वर्ष उजाडलेलं असतं. आणि ह्या ४५,००० मधूनच रिक्षा-पेट्रोल, जिम, चांगले फोटो, केस-दाढीचं काय ते, आणि हो, पुढच्या महिन्यात फक्त तीनच दिवस काम असलं तर त्याची भरपाई, हे सगळं.

९० दिवस

मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते हे.

मालिकांमध्ये पेमेंट साधारण ९० दिवसांनी देण्याची पद्धत आहे. हे ९० दिवस काम केल्यापासून मोजायचे असं बाहेरच्यांना वाटतं, पण बिल तर महिना संपल्यावर लावतात. म्हणजे १ जूनला केलेल्या कामाचं बिल जुलैच्या सुरुवातीला गेलं, तिथून ९० दिवस, पैसे आले सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरात. १ जूनचं काम, चार महिने. शाळेची फी, हप्ता, मेन्टेनन्स, गॅस ह्यांपैकी कोणीही चार महिने थांबत नाही.

ह्याच्या बरोब्बर उलटं नाटकाचं आहे, आणि हे मराठी घरांतल्या लोकांना कळायला सोपं जाईल. नाटकात नटाच्या मानधनाला नाइट म्हणतात, एका प्रयोगाची एक नाइट. प्रयोग संपला, मेकअप उतरवला की पाकीट हातात मिळायची पद्धत आहे. शिवाजी मंदिरचा दुपारचा प्रयोग करून नवरा रात्री पाकीट आणून देवापुढे ठेवायचा आणि मी सोमवारी त्यातून वाण्याचं बिल द्यायचे. रक्कम मालिकेपेक्षा लहान, पण आजची आज. अनेक मराठी नट शनिवार-रविवार नाटक का सोडत नाहीत ह्याचं एक कारण नाटकाचं प्रेम आहेच, दुसरं हे पाकीट आहे, आणि ते सांगण्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

९० दिवसांची खरी भीती मालिका बंद झाल्यावर असते. चालू मालिकेत तुमचा चेहरा त्यांना उद्याही लागणार असतो त्यामुळे पेमेंट निघतं. मालिका बंद पडली की ऑफिसमधला ओळखीचा माणूस दुसरीकडे गेलेला असतो, फोन उचलणारा नवीन असतो, तो म्हणतो मेल करा. आमचे एका मालिकेचे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे यायला अकरा महिने लागले. मी दर सोमवारी फोन करायचे, वहीत तारीख टाकायचे आणि ते काय म्हणाले ते लिहायचे. ती वही अजून आहे माझ्याकडे.

आणि ह्याच कारणाने घराचं कर्ज. आम्ही पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा बँकेतल्या साहेबांनी नवऱ्याला ओळखलं, त्याच्याबरोबर फोटो काढला, चहा मागवला आणि आठवड्याने अर्ज नामंजूर झाला, कारण उत्पन्न नियमित नाही. तीन वर्षांचे रिटर्न शेजारी शेजारी ठेवले तर एका वर्षी चांगलं, दुसऱ्या वर्षी निम्मं. बँकेचंही तसं चुकलं नाही. शेवटी कर्ज माझ्या नोकरीवर झालं.

बारा तास म्हणजे घड्याळात किती

काकांचा मूळ प्रश्न. मालिकांमध्ये शिफ्ट बाराची धरतात. पण हे बारा तास सेटवरचे. दहिसरहून घोडबंदर रोडच्या स्टुडिओत सकाळी सातचा कॉल टाइम (म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ) असेल तर साडेपाचला घर सोडायचं, कारण काशिमीऱ्याला आणि पुढे फाउंटन हॉटेलपाशी ट्रॅफिक कधी लागेल सांगता येत नाही. संध्याकाळी सातचं पॅकअप साडेसातला होतं, मेकअप उतरवून निघायला आठ, घरी येईपर्यंत साडेनऊ-दहा. दादर-परळला राहणारा असेल तर त्याहून वाईट. घराबाहेर सोळा तास. आणि उद्याचा कॉल टाइम किती ते रात्री अकराला मेसेजने कळतं.

एवढे तास लागतात का? लागतात, आणि त्याचं कारण गणितात आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती काढल्या की साधारण २०-२२ मिनिटं उरतात आणि आठवड्याला असे सहा भाग द्यायचे असतात. सिनेमात दिवसाला दोन-तीन मिनिटांचं फुटेज झालं तरी चालतं, इथे रोजच्या रोज एक अख्खा भाग व्हायला हवा. आधी शूट करून ठेवलेल्या भागांना बँक म्हणतात. बँक भरलेली असेल तर सेटवर शांतता असते, बँक संपली की आज रात्री लागणारा सीन आज सकाळी शूट होतोय असेही दिवस येतात, मग सीनचे कागद गरम गरम प्रिंट होऊन येतात, पाठांतराला वेळच नसतो, कॅमेऱ्यामागून कोणीतरी प्रॉम्प्टिंग करतो आणि नट ते ऐकून लगेच डोळ्यांत पाणी आणून बोलतो. हे कौशल्य आहे, फार मोठं. लोक मालिकेतल्या अभिनयाला नावं ठेवतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण मास्टर झाला (म्हणजे सगळा सीन एकदा लांबून), मग प्रत्येकाचा क्लोज (म्हणजे फक्त चेहरा, जवळून), आणि दर वेळी तेच रडू त्याच जागी परत आणायचं, चौदाव्या तासाला, हे मी सेटवर बसून बघितलंय.

मग आठ तास करता येतील का? येतील, पण दोनच वाटा आहेत, एक तर शूटिंगची दोन युनिट, म्हणजे माणसांचे दोन संच लावा म्हणजे खर्च वाढला, नाहीतर आठवड्याचे भाग कमी करा म्हणजे चॅनलच्या जाहिराती कमी झाल्या. दोन्ही नको असतं म्हणून ताण माणसांवर येतो. माझं स्पष्ट मत आहे की बारा तास जास्त आहेत, आणि हे मी नटांपेक्षाही स्पॉट दादा, लाइटमन, मेकअप दादा ह्यांच्यासाठी म्हणते, ते कॉल टाइमच्या आधी येतात आणि पॅकअपनंतर जातात. नटाला निदान सीन नसताना मेकअप रूममध्ये पाठ टेकता येते.

गुरुवार

आमच्या घरात गुरुवारला वेगळं महत्त्व आहे आणि ते उपासाचं नाही. बार्क नावाची संस्था काही निवडक घरांमध्ये मीटर लावून कोण काय बघतंय ते मोजते, त्यातून निघतो टीआरपी, आणि आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात. आकडा पडला की कथा वळते. कथा वळली की कोणाचातरी ट्रॅक संपतो, म्हणजे त्या पात्राची गोष्ट थांबते. काका अचानक गावाला जातात, इन्स्पेक्टरची बदली होते. प्रेक्षकांना वाटतं लेखकाला सुचलं. आमच्याकडे त्या दिवशी पुढच्या चार महिन्यांचं गणित परत मांडलं जातं. एकदा तर नवऱ्याचं पात्र मेलं ते आम्हाला सीन हातात आल्यावर कळलं. फोटोला हार घातलेला शॉट घ्यायचा म्हणून त्याला फोटो मागितला तेव्हा.

रिपीट टेलिकास्टचे तरी येत असतील की

नाही येत. दुपारी परत लागतं, ॲपवर वर्षानुवर्षं पडून असतं, यूट्यूबवर तुकडे लाखो लोक बघतात, त्याचे नटाला बहुतेक वेळा काहीही मिळत नाही कारण करारात एकदाच पैसे देऊन सगळे हक्क घेतलेले असतात. ह्याला बायआउट म्हणतात. शेत खंडाने न देता विकूनच टाकलं तर मग पुढच्या पिकात वाटा मागता येत नाही, तसं.

कायद्यात काय आहे? २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला आणि कलाकाराच्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर त्याला रॉयल्टीचा हक्क आहे असं त्यात आलं. ज्याचं काम किरकोळ आहे आणि श्रेयनामावलीत नाव नाही त्याला मात्र ह्यातून वगळलंय, म्हणून नाव लागणं हा नुसता हौसेचा विषय नाही हे प्रत्येक नवीन नटाने लक्षात ठेवावं. पण कायद्यातला हक्क आणि घरात आलेला पैसा ह्यांच्यामध्ये वसूल करणारी यंत्रणा लागते. गायकांनी त्यासाठी आपली संस्था उभी केली, नटांच्या घरात अजून तसं नियमित काही येताना मी तरी पाहिलेलं नाही. अमेरिकेत हे मिळतं, त्याला रेसिड्युअल म्हणतात, आणि तेही कोणी आपणहून दिलं नाही, सिनेमे टीव्हीवर दाखवल्याचे पैसे तर १९६० मध्ये नटांनी संप केला तेव्हा मिळाले. २०२३ मध्ये तिथल्या नटांनी परत ११८ दिवस संप केला, स्ट्रीमिंगच्या पैशांसाठी आणि एआयने आपला चेहरा-आवाज परवानगीशिवाय वापरू नये म्हणून. आपल्याकडे त्याच वर्षी अनिल कपूर ह्यांनी आपला चेहरा, आवाज आणि नाव ह्यांच्या गैरवापराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातून मनाई आणली. ते मोठे आहेत, कोर्टात जाऊ शकतात. करारातल्या "सध्या असलेल्या आणि भविष्यात निघणाऱ्या सर्व माध्यमांत" ह्या ओळीवर सही करणारा नट कुठे जाणार?

आपल्याकडे रॉयल्टीच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे ती म्हणजे जाहिरात. जाहिरातीत किती काळासाठी आणि कुठे कुठे दाखवणार ते लिहिलेलं असतं आणि काळ संपल्यावर परत चालवायची असेल तर परत पैसे. बदल्यात तेवढ्या काळात तुम्ही स्पर्धक ब्रँड करू शकत नाही. एक चहाची जाहिरात आम्हाला एका अख्ख्या पावसाळ्याचं बळ देऊन गेली होती.

युनियन आहे ना मग?

आहे. नटांची सिंटा आहे, आणि फिल्म-टीव्हीच्या वेगवेगळ्या कामगार संघटनांचं मिळून फेडरेशन आहे. पैसे अडकले की तक्रार करता येते आणि त्याचा उपयोगही होतो, पण तक्रार करणाऱ्याला पुढचं काम कोण देईल ही भीती कुठलीच युनियन घालवू शकत नाही, आणि ज्याच्याकडे कराराची प्रतच नाही त्याच्यासाठी युनियन तरी काय भांडणार.

सरकारी कायदाही आहे. १९८१ चा सिने कामगार कायदा लेखी कराराशिवाय काम देऊ नका असं सांगायचा पण तो फीचर फिल्मपुरता होता. २०२० च्या कामगार संहितेत दृक्‌श्राव्य कामगार अशी मोठी व्याख्या केली, त्यात मालिकाही आल्या, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या. सगळ्यांनाच नाही, ठरावीक मर्यादेपर्यंत कमावणाऱ्यांना. तरी लेखी करार हवा हे मालिकांच्या बाबतीत कायद्याने म्हटलं हे मला मोठं वाटतं.

लॉकडाऊनमध्ये ह्या सगळ्याचा कस लागला. १९ मार्च २०२० पासून शूटिंग थांबलं. जानेवारी-फेब्रुवारीत केलेल्या कामाचे पैसे मेपर्यंत यायचे होते, पण ऑफिसं बंद, चेकवर सही करायला माणूस नाही. परत शूटिंग सुरू होताना ९० ऐवजी ३० दिवसांत पैसे द्या ही मागणी युनियनने लावून धरली होती. जुलैत काम सुरू झालं तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले चला, सुटलात. जुलैचे पैसे ऑक्टोबरच्या शेवटी आले.

मग जोडीला नोकरी का नाही करत?

कारण नोकरीला ठरलेली वेळ असते आणि ह्या कामाला नसते. आज रात्री अकराला फोन येतो की उद्या सातला या. कुठला मालक हे चालवून घेईल? म्हणून नट जी कामं धरतात ती सगळी तुकड्यांची, डबिंग, निवेदन, नाटक, शिबिरं, संस्थांमध्ये शिकवणं. त्यातलं डबिंग सगळ्यात चांगलं कारण तिथे वय आणि पोट दिसत नाही.

आणि काम नसलेल्या दिवशीही काम असतंच, ऑडिशन. वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये बंगल्या-बंगल्यात कास्टिंगची ऑफिसं आहेत, तिथे दारातच एक मुलगा उभा असतो, तो वरपासून खालपर्यंत बघून "नॉट फिट" म्हणतो आणि तुम्ही पुढच्या दारात जायचं. आत गेलात तर कॅमेऱ्यासमोर इंट्रो, म्हणजे नाव, वय, उंची, मग डावी-उजवी प्रोफाइल, मग सीन. आता बरंचसं घरून व्हिडिओ पाठवून होतं. आमच्या बेडरूमची एक भिंत त्यासाठी कोरी ठेवलीय, समोरच्या पात्राचे डायलॉग मी वाचते. आत्तापर्यंत किती जणांची आई, बायको, गुंड आणि कलेक्टर झाले असेन. दहा पाठवले की एकाचं उत्तर येतं, बाकीच्यांचं नकारार्थीसुद्धा येत नाही, आणि ही न येणाऱ्या उत्तराची सवय मला अठरा वर्षांत झालेली नाही. त्याला झालीय, किंवा तो तसं दाखवतो.

एवढं सगळं असून करतो का, तर करतो. चौदाव्या तासाला तो क्लोज देताना मी त्याला पाहिलंय. त्या वेळी तो घरातल्यापेक्षा जास्त जिवंत असतो, आणि मी बायको असून हे लिहितेय.

ज्यांनी ग्रुपवर विचारलं होतं त्याच काकांचा मुलगा आता ह्या लाइनमध्ये उतरतोय. काकांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नकोस, आवाजाचं काम शिकून घे, प्रत्येक कॉल टाइम आणि पॅकअप वहीत लिहून ठेव. परवा तो पहिला करार घेऊन आला, अकरा पानी. दिवसाचा रेट लिहिलेला होता. किमान किती दिवस घेणार ती जागा रिकामी होती आणि श्रेयनामावलीबद्दल एक ओळ नव्हती. "काकू, विचारलं तर काम जाणार नाही ना?" म्हणाला. मी म्हटलं जाऊ शकतं. पेन्सिलने दोन्ही जागी खुणा करून दिल्या आणि तो खाली जाऊन, गेटपाशी उभा राहून, बराच वेळ फोनवर बोलत होता, मला खिडकीतून दिसत होतं.